तीन पेडांची दोरी

इंजिनिअरिंगला आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात पहिल्या वर्षी एकदा तरी हा किडा वळवळून जातो, की आपण ब्रँच तर चुकीची घेतली नाही ना? मेकॅनिकलवाल्याला वाटतं कॉम्प्युटर घ्यायला हवं होतं. कॉम्प्युटरवाल्याला रात्री दोन वाजता प्रोग्रॅम चालत नसला की वाटतं, आपलं साधं बी.एस्सी. फिजिक्सच बरं होतं. मग सबमिशन येतात, ओरल्स येतात, केटी येतात आणि प्रश्न आपोआप मागे पडतो. १९४२ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला आलेल्या एका मुलाने मात्र हा प्रश्न मागे पडू दिला नाही. त्याने सरळ ब्रँच बदलली. त्याचं नाव गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन, म्हणजेच जी. एन. रामचंद्रन.

मित्रांनो, सर सी. व्ही. रामन आपल्याला शाळेपासून माहीत असतात. रामानुजन माहीत असतात. रामचंद्रन हे नाव मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकलेलं असतं. गंमत म्हणजे जगातल्या कुठल्याही बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात त्यांच्या नावाचा आलेख असतोच! म्हणून हा लेख.

रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ चा, एर्नाकुलमचा. तेव्हा ते कोचीन संस्थानात होतं. वडील नारायण अय्यर तिथल्या महाराजा कॉलेजमध्ये गणिताचे प्राध्यापक आणि पुढे प्रिन्सिपॉल. त्यामुळे गणित हा घरातलाच विषय. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजमधून फिजिक्स ऑनर्स करून ते बंगलोरला आले आणि इलेक्ट्रिकलला दाखल झाले. तिथे फिजिक्सला होते साक्षात रामन. नोबेल मिळून बारा वर्षं झालेली, दरारा मोठा, पण हुशार मुलगा दिसला की त्याला सोडायचे नाहीत. रामचंद्रन यांचा ओढा फिजिक्सकडे आहे हे दिसल्यावर रामन यांनी त्यांना आपल्या विभागात घेतलं. इलेक्ट्रिकलचं एक नाव कमी झालं.

पुढची काही वर्षं हिरे, क्रिस्टल, प्रकाश आणि एक्स-रे यांतच गेली. मद्रास विद्यापीठाची मास्टर्स आणि १९४७ साली डी.एस्सी. झाल्यावर ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेले. तिथे वूस्टर यांच्याकडे दोन वर्षांत पीएच.डी. केली. विषय आपल्या ओळखीचा आहे, क्रिस्टलचे इलॅस्टिक कॉन्स्टंट्स. फक्त आपण लॅबमध्ये नमुना ताणून बघतो, ते त्यावरून विखुरलेल्या एक्स-रेवरून स्थिरांक काढत होते. १९४९ मध्ये ते बंगलोरला परतले.

एक्स-रेने पदार्थाची रचना शोधणं हा प्रकार सावलीवरून वस्तू ओळखण्यासारखा आहे. अणूंच्या रांगांवर एक्स-रे आदळतात, विखुरतात आणि फिल्मवर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून उलटा हिशोब करत जायचं. वस्तू दिसत नाही, फक्त तिची खूण दिसते. या उलट्या हिशोबात रामचंद्रन तरबेज झाले होते.

१९५२ मध्ये मद्रास विद्यापीठाने फिजिक्सचा नवा विभाग उभा करायचं ठरवलं. कुलगुरू होते ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार. त्यांनी आधी रामन यांनाच विचारलं. रामन यांनी नकार दिला आणि रामचंद्रन यांचं नाव सुचवलं. अशा रीतीने जेमतेम तीस वर्षांचे रामचंद्रन विभागप्रमुख झाले. आपल्याकडे त्या वयात लोक दुसरी नोकरी शोधत असतात!

प्रमुख झाले खरे, पण करायचं काय? त्याच सुमारास इंग्लंडचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. बोलता बोलता त्यांच्याकडून कळलं, की कोलॅजन नावाच्या प्रथिनाची रचना अजून कोणालाच नीट जमलेली नाही. रामचंद्रन यांना विषय मिळाला.

कोलॅजन म्हणजे काय हे सुताराला विचारा. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून जो सरस तयार होतो, तो कोलॅजनचाच. जेलीतलं जिलेटिनही तेच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही सरसच. आपली हाडं, कातडी, कूर्चा आणि स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा या सगळ्यांना ताकद देणारं हे प्रथिन आहे. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त एकट्या कोलॅजनचा असतो. मद्रासमध्येच सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूट होती आणि चामडं म्हणजे मुख्यतः कोलॅजनच, त्यामुळे नमुन्यांची सोय झाली. सगळ्यात चांगलं चित्र मिळालं ते कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेतून.

आता प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. वीस प्रकारचे मणी, कुठल्याही क्रमाने ओवता येतात. कोलॅजनमध्ये मात्र एक विचित्र गोष्ट दिसत होती. त्यातला तिसरा हिस्सा मणी एकाच जातीचे होते, ग्लायसिन. ग्लायसिन हा सगळ्यात छोटा मणी. बाकीच्यांना एक बाजूची शेंडी असते, कोणाची लांब, कोणाची जाड. ग्लायसिनला शेंडीच्या जागी नुसता एक हायड्रोजन.

रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्ता यांनी यावरून जे मांडलं ते ऑगस्ट १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. त्यांच्या मते कोलॅजनमध्ये एक साखळी नसते, तीन असतात, शेजारी शेजारी. आणि प्रत्येक साखळीत दर तिसरा मणी ग्लायसिनच हवा. कारण तीन साखळ्या एकत्र बांधल्या की मधोमध इतकी कमी जागा उरते, की तिथे दुसरा कुठलाही मणी मावणार नाही. दर तिसरा मणी मध्याकडे वळतो, म्हणून दर तिसरा मणी ग्लायसिन. लक्षात घ्या, तेव्हा कोलॅजनमधल्या मण्यांचा क्रम कोणालाच माहीत नव्हता. तो त्यांनी भूमितीवरून सांगितला.

१९५५ मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या मॉडेलमध्ये सुधारणा केली. तिन्ही साखळ्या सरळ उभ्या नसून त्या एकमेकींभोवती हळूहळू पिळलेल्या आहेत, अगदी तीन पेडांच्या दोरीसारख्या. चंद्र जसा पृथ्वीभोवती फिरताना आपली एकच बाजू तिच्याकडे ठेवतो, तशी प्रत्येक साखळी मधल्या अक्षाभोवती फिरताना ग्लायसिनची बाजू आत ठेवते. या आकाराला आज ट्रिपल हेलिक्स म्हणतात.

आणि इथे खरी लढाई सुरू झाली. डीएनएची रचना शोधून दोन वर्षं झालेले फ्रान्सिस क्रिक आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर रिच यांनी १९५५ मध्येच कोलॅजनवर लेख लिहिला. तीन पेडांची पिळलेली दोरी त्यांनाही मान्य होती. पण मद्रासच्या मॉडेलमध्ये दर तीन मण्यांमागे दोन हायड्रोजन बंध होते, आणि त्यासाठी काही अणू एकमेकांच्या फार जवळ आणावे लागत होते. क्रिक आणि रिच यांचं म्हणणं होतं की इतक्या जवळ अणू येऊच शकत नाहीत, बंध एकच असणार. एका बाजूला केंब्रिज, दुसऱ्या बाजूला तीन वर्षांपूर्वी उघडलेला मद्रासचा विभाग. लोक कोणाकडे झुकणार हे सांगायला नको.

रामचंद्रन यांनी या टीकेतून एक साधा प्रश्न काढला. फार जवळ म्हणजे नेमकं किती जवळ? याचं पक्कं उत्तर कोणाकडे नव्हतं. मग त्यांनी तोवर छापून आलेल्या क्रिस्टल रचनांमधून दोन अणूंमधली अंतरं गोळा केली. कार्बन आणि ऑक्सिजन कमीत कमी किती जवळ येतात, नायट्रोजन आणि हायड्रोजन किती, असा तक्ताच बनवला. अणू समजलं जातं त्यापेक्षा बरेच जवळ येऊ शकतात, हे त्यातून दिसलं.

तक्ता हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की प्रश्न एकट्या कोलॅजनचा नाही. थिअरी ऑफ मशीन्स शिकलेल्यांना हे पटकन समजेल. साखळीतल्या प्रत्येक मण्याला दोन सांधे असतात, ज्यांच्याभोवती साखळी फिरू शकते. दोन सांधे, दोन कोन. त्यांना फाय आणि साय म्हणतात. ग्राफ पेपरवर आडव्या अक्षावर फाय घ्या, उभ्यावर साय, दोन्ही उणे १८० अंशांपासून अधिक १८० पर्यंत. आता प्रत्येक बिंदूपाशी विचारा, की या कोनात अणू एकमेकांवर आपटतात का? आपटत असतील तर तो बिंदू खोडा. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हे सगळं हिशोबाच्या साध्या यंत्रांवर केलं. बहुतेक कागद खोडला गेला! उरली फक्त दोन-तीन बेटं. १९६३ मध्ये हा नकाशा प्रसिद्ध झाला. हाच तो रामचंद्रन प्लॉट. आजही कोणी नव्या प्रथिनाची रचना शोधली, की तिचे कोन या नकाशाच्या बेटांवर पडतात का ते आधी तपासलं जातं. ग्लायसिनला शेंडी नाही, त्यामुळे त्याच्यासाठी मोकळी जागा खूप जास्त आहे, हेही या नकाशावर स्पष्ट दिसतं.

बंधांच्या वादाचं काय झालं? त्यात क्रिक आणि रिच बरोबर निघाले, थेट बंध एकच आहे. पण १९६८ मध्ये रामचंद्रन यांनी सुचवलं होतं, की दुसरा दुवा मधल्या पाण्याच्या रेणूमार्फत जोडला जात असेल. १९९४ मध्ये कोलॅजनसारख्या छोट्या साखळीचा क्रिस्टल बनवून तिची नेमकी रचना बघितली गेली, तेव्हा एक थेट बंध तर दिसलाच, आणि भोवती पाण्याच्या रेणूंचं जाळंही दिसलं.

१९६९ मध्ये मुदलियार यांचा कार्यकाळ संपला आणि त्यानंतर रामचंद्रन यांनीही मद्रास सोडलं. बंगलोरला जुन्या इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी मॉलिक्युलर बायोफिजिक्सचा विभाग सुरू केला. १९७१ मध्येच त्यांनी आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी एक्स-रेच्या अनेक सावल्यांवरून आतली वस्तू पुन्हा उभी करायची एक झटपट गणिती पद्धत दिली. पुढे सीटी स्कॅनमध्ये ही पद्धत सर्रास वापरली गेली. इमेज प्रोसेसिंग घेतलेल्यांनी मॅटलॅबमध्ये रॅम-लॅक फिल्टर पाहिला असेल. त्यातला रॅम म्हणजे आपले रामचंद्रन आणि लॅक म्हणजे लक्ष्मीनारायणन!

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो या गोष्टीचा पुढचा भाग, जो रामचंद्रन यांनी शोधला नाही, पण त्यांच्याच नियमाचा आहे. दर तिसरा मणी ग्लायसिन, एक हजाराच्या वर मणी, एकही चूक चालणार नाही. असं प्रथिन निसर्गाने बनवलं तरी कसं? उत्तर जीनमध्ये सापडलं.

१९७७ मध्ये असं कळलं, की आपले जीन सलग नसतात. कामाचा मजकूर तुकड्यातुकड्यांत असतो, त्यांना एक्झॉन म्हणतात. मधे लांबलचक बिनकामाचा मजकूर असतो, तो इंट्रॉन. पेशी इंट्रॉन कापून टाकते आणि एक्झॉन जोडते. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या यामादा, पास्तान, द क्रॉम्ब्रूग आणि सहकाऱ्यांनी कोंबडीचा कोलॅजन जीन तपासला. त्यात मजकूर कितीतरी छोट्या एक्झॉनमध्ये विभागलेला होता. आणि पुन्हा पुन्हा एकच आकडा येत होता, ५४ अक्षरं.

आता हिशोब करा. तीन अक्षरांचा एक मणी. म्हणजे ५४ अक्षरांचे १८ मणी. दर तीन मण्यांचा एक गट, म्हणजे बरोबर सहा गट. बाकी शून्य! जे एक्झॉन ५४ चे नव्हते, ते १०८ आणि १६२ चे, म्हणजे दुप्पट आणि तिप्पट. किंवा ४५ आणि ९९ चे, म्हणजे ५४ आणि १०८ मधून नऊ अक्षरं, एक गट, कमी. सगळे नऊच्या पाढ्यातले. आणि प्रत्येक एक्झॉन ग्लायसिनने सुरू होतो आणि पूर्ण गटावर संपतो. कुठेही गट मधेच तुटत नाही.

यावरून त्या शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला, की खूप पूर्वी ५४ अक्षरांचा एकच छोटा तुकडा असावा आणि त्याच्या प्रती होत होत हा जीन लांबला असावा. डीएनएच्या दोन प्रती एकमेकींसमोर येऊन अदलाबदल करतात तेव्हा कधीकधी थोड्या सरकलेल्या असतात. मग एकीत तुकडा वाढतो, दुसरीत कमी होतो. सारखेसारखे तुकडे असले की असं सरकणं सोपं. पण कोलॅजनच्या जीनमध्ये काप बहुधा लांब इंट्रॉनमध्ये पडतो, जिथे बिघडण्यासारखं काही नाही. एक्झॉन आखाच्या आखा वाढतो किंवा गळतो, आणि ग्लायसिनची लय तशीच राहते. आपण ब्रिजचे ट्रस पॅनल बनवून जोडतो, तसं. पॅनल वाढवा किंवा काढा, सांधा सांध्याला जुळतोच.

याउलट रेशीम बघा. रेशमाच्या किड्याच्या मुख्य प्रथिनात, फायब्रॉइनमध्ये, पाच हजारांवर मणी आहेत, तेही परत परत तेच. पण त्याच्या जीनमध्ये जवळजवळ सगळा मजकूर एकाच प्रचंड एक्झॉनमध्ये आहे, इंट्रॉन फक्त एक. तुकडे एकमेकांना चिकटून असल्यामुळे ते सहज सरकतात आणि प्रथिनाची लांबी किड्याच्या जातीजातीत बदलते. रेशमाला ते चालतं, धाग्यातला रेणू थोडा लांब किंवा आखूड झाला तरी धागा होतोच. कोलॅजनला नाही चालत. तीन पेड सारख्या लांबीचे हवेत, आणि अशा दोऱ्या एकमेकींशेजारी ठरावीक अंतराने सरकवून रचाव्या लागतात. इंट्रॉनमध्ये काळाच्या ओघात बदल होत गेले, की तुकडे एकमेकांपासून वेगळे पडतात आणि सरकणं अवघड होतं. म्हणजे ज्या रचनेने जीन लांबवायला मदत केली, तीच आता त्याची लांबी टिकवून ठेवते. आणि जिथे ही शिस्त नाही तिथे दोरीही वेगळी. आपल्या पेशींच्या थरांखाली असलेल्या चौथ्या प्रकारच्या कोलॅजनच्या जीनमध्ये ५४ चा नियम दिसत नाही. त्या प्रथिनात ग्लायसिनची लय वीसेक ठिकाणी तुटते आणि त्याची सरळ दोरी न होता लवचीक जाळी होते.

हे सगळं नुसतं आकड्यांचं कौतुक नाही. ग्लायसिनच्या जागी एक दुसरा मणी आला, म्हणजे जीनमधलं एक अक्षर चुकलं, तरी ऑस्टिओजेनेसिस इम्पर्फेक्टा होऊ शकतो. या आजारात मुलांची हाडं साध्या धक्क्यानेही मोडतात. काही बाळं जन्मताच दगावतात. मधे जागा नाही, तिथे जाड मणी अडकतो आणि दोरीचा पीळ बिघडतो. हाच तो १९५४ चा नियम.

आणि इथे एक उलटी गोष्ट आहे. हाडातल्या कोलॅजनच्या दोरीत तीनपैकी दोन पेड एका जीनचे असतात. त्या जीनच्या आपल्याकडे दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. समजा एक प्रत पूर्ण बंद पडली. मग कोलॅजन निम्मं बनतं, पण जे बनतं ते चांगलं. आजार सौम्य. समजा एक प्रत बंद न पडता बिघडलेला पेड बनवते. मग दोन्ही पेड चांगले येण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे पाव. चारपैकी तीन दोऱ्या खराब! एखादा एक्झॉन गळला तरी लय टिकते, पेड पुढे बनत राहतो, आणि म्हणूनच तो आखूड पेड दोरीत शिरतो आणि बाकीच्या दोन पेडांनाही बिघडवतो. ज्या पॅनलच्या युक्तीने हा जीन घडला, तिचीच ही किंमत आहे. अर्धवट चालणारा पार्ट बंद पडलेल्या पार्टपेक्षा जास्त नुकसान करतो, हे वर्कशॉपमध्ये आपणही बघतोच.

रामचंद्रन यांना १९६१ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, १९७७ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. नोबेल मिळालं नाही. सीटी स्कॅनसाठी १९७९ चं नोबेल कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना गेलं. निवृत्तीनंतर ते तर्कशास्त्र गणितात बसवण्याच्या मागे लागले होते. शेवटची वर्षं कठीण गेली. पार्किन्सन्सने शरीर थकवलं, १९९८ मध्ये पत्नी राजलक्ष्मी गेल्या. १९९९ मध्ये क्रिस्टलोग्राफीतला मानाचा एवाल्ड पुरस्कार त्यांना जाहीर झाला. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांचं निधन झालं.

क्रिक यांच्यासारख्या माणसाने चूक दाखवली तेव्हा वैतागून विषय सोडणं सोपं होतं. रामचंद्रन यांनी अणूंमधली अंतरं मोजायला घेतली आणि त्यातून एका प्रथिनाऐवजी सगळ्या प्रथिनांचा नकाशा निघाला. पुढच्या व्हायवाला एक्स्टर्नल विचारतील, की हे असंच का? तेव्हा उत्तर येत नसेल, तर निदान घरी येऊन मोजून बघायला काय हरकत आहे?